सव्वा महिना

२६ डिसेंबर

करंज्या उरल्यात, चकल्या संपल्या. दारावरची चांदणी अजून रात्री लागते. कालपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आज सकाळच्या एसटीने नणंदेकडची माणसं पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं झालं.

हा दिवस दर वर्षी मला जड जातो. मी सुईणपण शिकलेली बाई. मिरजेला शिक्षण झालं आणि पुढची चौतीस वर्षं निरनिराळ्या दवाखान्यांत बाळंतपणं करण्यात गेली. बाळ जन्मलं, रडलं, पेढे वाटले आणि सगळे आपापल्या घरी गेले, असं आमच्या कामात होत नाही. खरी जोखीम तिथून पुढे असते. वार पूर्ण पडली का, रक्त किती जातंय, बाळ अंगावर ओढतंय का, त्याला लघवी झाली का, नाळ कोरडी राहिली का. जन्म घटकाभराचा, बाळंतपण सव्वा महिन्याचं.

प्रभूचा जन्म मात्र आम्ही एका दिवसात उरकतो. २६ तारखेला सगळे मोकळे.

०

सव्वा महिना मी ओढून आणलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रात मुलगा झालेल्या बाईला सात आणि तेहेतीस मिळून चाळीस दिवस सांगितले आहेत. मरीयेने ते पाळले आणि मगच ती बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेली. २५ डिसेंबरपासून मोजलं तर चाळिसावा दिवस येतो २ फेब्रुवारीला. कॅथलिक आणि इतरही काही मंडळ्या तो सण म्हणून पाळतात. आमच्याकडे त्या तारखेला कोणी काही करत नाही.

यंदा वहीत लिहून ठेवते : नाताळ २ फेब्रुवारीपर्यंत.

२७ डिसेंबर

२२ तारखेच्या रात्रीचं लिहायचं राहिलं होतं.

त्या दिवशी आमच्या चर्चची तरुण मुलं नाताळची गाणी घेऊन घरोघर फिरत होती. मीही होते. कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडीची टोळी उतरली आहे, पस्तीस-चाळीस कोप्या असतील. आम्ही रस्त्याने पुढे निघालो होतो, तेवढ्यात अंधारातून एक म्हातारी आली. तिने ढोलकीचा आवाज ऐकला होता. म्हणाली, "तुमच्यात दवाखान्यातली बाई कोन हाय का? सुनंचं झालंय, पर लई थरथरतीय."

कोपी म्हणजे बांबू वाकवून त्यावर चटया आणि ताडपत्री टाकलेली, वर पाचट. आत उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर सरकत गेले. चुलीतला विस्तव विझत आलेला. बाळ अर्ध्या तासापूर्वी जन्मलेलं, गोणपाटावर, अजून ओलं. आई कुडकुडत होती, कारण पाठीखाली जमीन आणि वर एक सुती गोधडी. बाळाच्या तळव्याला हात लावला तर पाण्यातल्या दगडासारखा गार. पोटही गारच लागत होतं, तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. पाय गार असले तर एकवेळ चालतं, पोट गार पडलं की वेळ थोडा असतो.

बाळाला पुसलं, कोरडं केलं, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि दोघांवर मिळून माझी शाल टाकली. नवजात बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे फार जाते. बाहेर हाक मारली, कोणाकडे टोपी आहे का? ढोलकी वाजवणाऱ्या मुलाने आपली लोकरीची कानटोपी काढून आत दिली. ती बाळाच्या डोक्याला फार मोठी होत होती. दोनदा दुमडून बसवली. घरून माझी पिशवी येईपर्यंत नाळ तशीच राहू दिली होती, मग उकळलेला दोरा आणि नवं पातं वापरून ती बांधली, कापली. वीस मिनिटांनी पुन्हा पोटाला हात लावला. ऊब आली होती. बाळाने तोंड फिरवलं आणि ओढायला लागलं.

१०८ ची गाडी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम.

तोवर आमची मुलं बाहेर थंडीत उभी होती. त्यांनी गाणं थांबवलं होतं. कोपीसमोर बैल वाढे खात होते, त्यांचा तेवढा कडकड आवाज येत होता.

०

मराठी बायबलमध्ये लूकच्या दुसऱ्या अध्यायात तीन शब्द जवळजवळ आहेत. बाळंते, गव्हाण, उतारशाळा. उतारशाळा आता कोणी बोलत नाही. पण बाळंते आणि गव्हाण हे आमच्या घरातले शब्द. बाळंतं म्हणजे आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्याचं मऊ झालेलं कापड. नवं कापड बाळाला टोचतं, म्हणून जुनं. परमेश्वराच्या पुत्राला पहिलं वस्त्र मिळालं ते वापरून विरलेलं असणार, असं मी धरून चालते. आणि गव्हाण म्हणजे जिच्यात आमच्या गोठ्यात अजून कडबा टाकतात ती.

त्या कोपीत जाईपर्यंत हे दोन शब्द मी पन्नास वर्षं नुसते वाचले होते.

२८ डिसेंबर

हेरोद राजाने मारलेल्या बाळांचा दिवस. आमच्या नाताळच्या नाटकात हा प्रवेश कधीच नसतो. मेंढपाळ असतात, मागी असतात, देवदूत तर आठ-दहा. मत्तयाने मात्र लिहून ठेवलं आहे : आई-बाप रातोरात बाळाला घेऊन मिसरात पळाले. काम नसलं की, जीव धोक्यात आला की माणसं गाव सोडतात. आमच्या तारणाऱ्याची पहिली वर्षं परमुलखात गेली.

३१ डिसेंबर, रात्र

वॉच नाइटच्या उपासनेला जाण्याआधी लिहिते आहे, कारण हे देवापुढे बोलायचं तर आधी कागदावर यायला हवं.

खूप वर्षांपूर्वी एका दवाखान्यात नोकरीला होते. २४ डिसेंबरची संध्याकाळ, आम्ही सगळ्या परिचारिका गाण्यांच्या कार्यक्रमाला जायच्या तयारीत. एक ऊसतोड जोडपं बैलगाडीतून आलं. तिला कळा सुरू होऊन दीड दिवस झालेला. आधी अनामत रक्कम भरायचा नियम होता. त्यांच्याकडे ती नव्हती. त्यांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं गेलं. सांगणारी मी नव्हते. पण मी तिथे उभी होते, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, आणि मी गप्प राहिले. मला उशीर होत होता.

त्या बाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्या रात्री मी येशूला जागा मिळाली नाही हे गाणं म्हटलं.

यासाठी क्षमा मागून झाली आहे, अनेकदा. पण क्षमा मागणं आणि फेडणं या दोन गोष्टी आहेत. जकातदार जक्कय झाडावरून उतरला तेव्हा त्याने नुसतं रडून दाखवलं नव्हतं, चौपट परत देतो म्हणाला होता.

१ जानेवारी

आठवा दिवस. यहुदी रीतीप्रमाणे आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि येशू हे नाव ठेवलं गेलं. म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस हा खरं तर एका बारशाचा दिवस आहे.

उपासनेनंतर कोपीवर गेले. आई तिथे नव्हती. बाळंतपणाचा दहावा दिवस, आणि ती फडात मोळ्या बांधत होती. म्हातारी बाळाला घेऊन बसली होती. नाव काय ठेवलं विचारलं, तर म्हणाली, "गावाकडं गेल्यावर बघू."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत तसंच लिहितात : अमक्याचा एक कोयता, उचल इतकी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. कामावर आलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाईचं नाव त्या वहीत कुठेच नसतं. ती कोयत्याचा अर्धा भाग. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, बाळंतपणात खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांनी तरुणपणीच पिशवी काढून टाकली. २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. तिशीतल्या बाईची पिशवी गरज नसताना काढणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. पुढे हाडं दुखतात, अंगाची लाही होते, आणि ती तशीच ऊस उचलत राहते.

कैसर औगुस्ताने सगळ्या जगाची नावनिशी लिहायला सांगितली म्हणून योसेफ गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमला निघाला. नावनिशी हाही बायबलचाच शब्द. त्या बादशाहाला करापुरती डोकी मोजायची होती. देवाने स्वतःचा पुत्र त्याच डोक्यांत घातला.

३ जानेवारी

सावित्रीबाई फुले यांची जयंती. शाळेतल्या मुली नऊवारी नेसून चालल्या होत्या.

आमच्या नगर जिल्ह्याचा या गोष्टीला एक धागा आहे. जोतीरावांनी नगरला मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पण आज मी त्यांच्या शाळेचा विचार करत नाही. १८९७ च्या प्लेगात छासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई आजारी मुलाला उचलून आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांच्यावर तो शिक्का मारायचा मला हक्क नाही. पण शब्द देही झाला हे वाक्य मी लहानपणापासून पाठ म्हणते आहे, आणि त्याचा अर्थ ज्यांच्या आयुष्यात बघायला मिळतो त्यांत ही एक बाई आहे. दुसऱ्याचा आजार आपल्या अंगाखांद्यावर घेणं.

०

बाळंतविडा. नणंद पुण्याहून फोनवर म्हणाली, अगं हा शब्दच विसरले होते.

कोपीतल्या बाळंतिणीसाठी मी यादी केली. जुन्या सुती साड्यांची दुपटी, आठ. लंगोट, बारा. कानटोपी, दोन, विणलेली. लोकरीचा स्वेटर, एक. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, गूळ. तिळाचं तेल. आईसाठी पायमोजे. साबण. नाळेला काही लावू नका हे सांगणारं तोंड. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची, कारण हळद, राख, शेण, काहीही लावतात.

मागी लोकांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला. माझ्या मते कोणीतरी शेजारीण डिंकाचे लाडूही घेऊन आली असणार. मत्तयाने लिहिलं नाही, पण बेथलेहेमात बायका होत्याच ना.

जानेवारीचा पहिला रविवार

धाकटी जाऊ मेथडिस्ट आहे. त्यांच्याकडे वर्षारंभी देवाशी केलेला करार पुन्हा उच्चारण्याची उपासना असते. जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये ती पहिल्यांदा घेतली. त्यातली कबुली साधारण अशी : मी आता माझी नाही, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरून टाक किंवा रिकामी कर, तुझी इच्छा. मी तिच्याबरोबर एकदा गेले होते. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष होतं, आणि बाजूला ठेव या शब्दांपाशी माझा आवाज फुटला नाही. आमच्या मंडळीत ही उपासना नाही. असावी असं मला वाटतं. नव्या वर्षाचे संकल्प आपण आपल्यासाठी करतो : वजन, साखर, चालणं. करारात दुसरी बाजू असते, ती विचारायला येते.

७ जानेवारी

चर्चमधला गोठा काढला. दर वर्षी मुलं तो पाचटाने शाकारतात, आमच्या भागात तेच मिळतं. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात पहिला असा देखावा केला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणलं होतं, कारण त्याला लोकांच्या डोळ्यांना गरिबी दाखवायची होती. मी पाचट उचलून बाहेर टाकताना बघत राहिले. कोपीच्या छपरालाही हेच. फरक एवढाच की चर्चमधल्या गोठ्याला दिव्यांची माळ होती आणि तो आज मोकळा झाला. कोपी मार्चपर्यंत उभी राहणार.

११ जानेवारी

मंडळीच्या कमिटीची सभा. मी विषय मांडला : टोळ्या आहेत तोवर प्रत्येक नव्या बाळंतिणीला विडा, आणि मुलांसाठी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये वर्ग. खजिनदार म्हणाले, ताई, नाताळचा निधी संपला. ते खोटं बोलत नव्हते. मांडव, रोषणाई, ध्वनिक्षेपक, केक, पाहुणे. पावत्या सगळ्या होत्या.

एका वडीलधाऱ्यांनी काळजीने विचारलं, लोक म्हणतील धर्म वाढवायला आले. आजचे दिवस पाहता ही शंका रास्त आहे, मी ती झटकून टाकली नाही. म्हटलं, आपण तिथे पत्रकं नेणार नाही, प्रार्थनेला या म्हणणार नाही. विडा ठेवायचा, बाळाचं वजन करायचं, परत यायचं. ग्रामपंचायतीला आणि आशाताईला सांगूनच जायचं. कोणी विचारलं का करता, तर खरं उत्तर द्यायचं : आमच्या देवाचा जन्म असाच झाला होता.

मग मी पंडिता रमाबाईंचं नाव काढलं. त्यांचे आई-वडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन परत आल्या. केडगावच्या जमिनीवर मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यातून. त्यांनी निधी किती शिल्लक आहे हे आधी विचारलं असतं तर त्या मुली तिथेच मेल्या असत्या. आमच्या मंडळीतल्या दोन घरांच्या पणज्या मुक्तीत वाढलेल्या आहेत. सभेत शांतता झाली.

हॉल मिळाला. पैसे नाहीत. चालेल.

१४ जानेवारी

संक्रांत. कोपीतल्या म्हातारीने मला तिळगूळ दिला. तिने मला द्यायला काहीतरी ठेवलं होतं, याचा मला झालेला आनंद लिहिता येत नाही. बाळ दोन किलो सहाशे.

२० जानेवारीच्या सुमाराला

वर्गाला पहिल्या दिवशी चार मुलं आली, आज एकोणीस. मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन येतात, त्यामुळे वर्गात तीन महिन्यांचीही असतात. एका नऊ वर्षांच्या मुलीने पाटीवर आपलं नाव लिहिलं आणि पुसू दिलं नाही. पाटी घेऊन कोपीवर गेली. आज परत आणली, नाव तसंच.

२७ जानेवारी

एका आरोग्य केंद्रात गेले होते. बाळाची सहा आठवड्यांची लस जवळ आली आहे. जन्मानंतरच्या लशी झाल्या, कार्ड आहे. तिथे उत्तर मिळालं, ही बाई बीडची, आमच्या यादीत नाव नाही, गावाकडे गेल्यावर घ्या. गावाकडे ती जाणार मार्चअखेरीला. लस कुठल्याही केंद्रात मिळते, तसा नियमच आहे. हे मी आवाज न चढवता तीनदा सांगितलं. चौथ्यांदा वरिष्ठांना फोन लावला. नाव लिहून घेतलं गेलं. बाळाचं नाव काय, विचारलं. अजून नाही, म्हटलं, आईचं लिहा. कार्डावर, रजिस्टरात, दोन्हीकडे आईचं नाव आलं, पूर्ण, माहेरच्या गावासह. मी ते रजिस्टर उलटं असूनसुद्धा वाचलं.

२ फेब्रुवारी

चाळिसावा दिवस. मरीया आणि योसेफ मंदिरात गेले आणि त्यांनी अर्पण दिलं. लूकने पक्ष्यांची जोडी सांगितली आहे. नियमशास्त्रात मूळ अर्पण कोकराचं. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी दोन पक्ष्यांची सवलत. म्हणजे त्यांची ऐपत शुभवर्तमानात नोंदलेली आहे. तिथे त्यांना दोन म्हातारी माणसं भेटली, शिमोन आणि हन्ना. हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. अशा वयात देवाने तिला बाजूला ठेवलं नव्हतं.

दारावरची चांदणी आज काढली.

४ फेब्रुवारी

लसीकरणाचा दिवस. बाळ तीन किलो दोनशे. डाव्या मांडीला सुई, तोंडात थेंब, खूप रडलं. आईने त्या दिवशीचा खाडा पत्करला. तिला तो भरून द्यायचं मी ठरवलं होतं. तिने अर्धे घेतले, अर्धे परत केले.

पुढचे डोस दहा आणि चौदा आठवड्यांचे, म्हणजे एक मार्चच्या सुरुवातीला आणि एक मार्चअखेरीला. टोळी त्याआधी हलली तर कार्ड आईच्या लुगड्यात बांधलेलं आहे, ती दाखवील.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी कारखान्याच्या परिसरात राहत असेल तर सांगते. ऊसतोडीच्या टोळ्या मार्चपर्यंत असतात. आमच्या वर्गाला पाट्या हव्यात आणि शिकवायला दोन माणसं हवीत, संध्याकाळी सहा ते आठ. जुन्या सुती साड्या धुऊन पाठवा, फाटक्या चालतील. तुमच्या रस्त्यालाही कोप्या असतील. आधी तिथे विचारा, कोणाकडे लहान बाळ आहे का.